झुपकीचा वरचा दाणा

ऐका हं. एक होती खार. नाव झुपकी. शेपूट हे एवढं, पोट मात्र चिमूटभर.

झुपकीला एक पिल्लू होतं. त्याला रोज लागायचा एक दाणा. झाडाखाली अनसाक्का शेंगदाणे विकायची. गिऱ्हाइकाची पुडी भरली की वर एक दाणा झुपकीला टाकायची. "हा वरचा, तुझा गं," म्हणायची.

एक दिवस पुडी झाली बारीक. वरचा दाणा पडलाच नाही.

"अनसाक्का, दाणा?"

"महागाई आली बाई. भट्टीवाल्या भिकूकाकांनी दाणे भाजायची भाजणावळ वाढवली. ते कमी करतील, तर मी वरचा दाणा देईन."

झाडावरून पिल्लू म्हणालं, "आई, महागाई कोण गं? ती चावते?"

"बघून येते," झुपकी म्हणाली.

टुणटुण सुर्रऽ, टुणटुण सुर्रऽ. झुपकी गेली भट्टीवर.

"भिकूकाका, भिकूकाका, भाजणावळ कमी करा.
अनसाक्का वरचा दाणा देईना,
मग माझ्या पिल्लानं काय खावं?"

"कशी करू? सोपानदादा भट्टीची लाकडं आणायचं भाडं जास्त घेतो. तो कमी घेईल, तर मी कमी करीन."

टुणटुण सुर्रऽ, टुणटुण सुर्रऽ. झुपकी गेली गाडीवानाकडे.

"सोपानदादा, सोपानदादा, भाडं कमी घे.
भिकूकाका भाजणावळ कमी करीनात,
अनसाक्का वरचा दाणा देईना,
मग माझ्या पिल्लानं काय खावं?"

"कसं घेऊ? ढवळ्या बैल पळेना. दिवसात एकच खेप होते. तो पळेल, तर मी कमी घेईन."

टुणटुण सुर्रऽ, टुणटुण सुर्रऽ. झुपकी गेली गोठ्यात.

"ढवळ्या, ढवळ्या, जरा पळ.
सोपानदादा भाडं कमी घेईना,
भिकूकाका भाजणावळ कमी करीनात,
अनसाक्का वरचा दाणा देईना,
मग माझ्या पिल्लानं काय खावं?"

"कसा पळू? नुसत्या कडब्यावर कोण पळतं? घाणेवाले अप्पा पेंड देतील, तर मी पळेन."

टुणटुण सुर्रऽ, टुणटुण सुर्रऽ. झुपकी गेली तेलाच्या घाण्यावर. दमली बिचारी.

"अप्पा, अप्पा, पेंड द्या.
ढवळ्या बैल पळेना,
सोपानदादा भाडं कमी घेईना,
भिकूकाका भाजणावळ कमी करीनात,
अनसाक्का वरचा दाणा देईना,
मग माझ्या पिल्लानं काय खावं?"

"कशी देऊ? दाणे महागले, माप भरेना. वर टोक येईपर्यंत माप भरल्याशिवाय मी घाणा फिरवत नाही, मग पेंड कुठली? वडिलांपासूनची रीत. बघ, टोकावर एकच दाणा कमी."

झुपकीच्या ढोलीत एकच दाणा होता. काहीच मिळालं नाही, तर पिल्लाला द्यायला ठेवलेला. तो दिला, तर पिल्लू आज उपाशी. नाही दिला, तर उद्यापासून रोजच उपाशी.

टुणटुण सुर्रऽ. गेली आणि आली.

"घ्या अप्पा. आज माझा वरचा."

दाणा टोकावर बसला, टुक्. घाणा फिरला, करकर करकर. अप्पांनी पेंड दिली. ढवळ्या पळाला, खुळखुळ खुळखुळ. खेपा झाल्या दोन. सोपानदादानं भाडं कमी घेतलं. भिकूकाकांनी भाजणावळ कमी केली. दाणे भाजले तडतड तडतड. अनसाक्काची पुडी फुगली.

आणि वरचा दाणा पडला, टप्.

मग आणखी एक, टप्. "हा तू अप्पांना दिलास त्याचा," अनसाक्का म्हणाली. "सांगितलं हो त्यांनी मला."

पिल्लानं एक दाणा खाल्ला. कुडुम कुडुम.

"आई, महागाई गेली?"

"आज गेली. पुन्हा येईल हो ती."

पिल्लानं दुसरा दाणा उचलला आणि ढोलीत नीट ठेवला.

"हा अप्पांच्या मापाला," ते म्हणालं.

एक दाणा पोटात, एक दाणा ढोलीत. आणि गोष्ट? ती तुमच्या झोळीत.