भोयांचे औषध

जहागीरदार रंगरावांचे पोट आठ दिवस साफ झाले नव्हते. हरडा झाला, एरंडेल झाले, पण गुण काही येईना. गादीवरून उठायचे ते पालखीत बसायचे आणि पालखीतून उतरायचे ते पुन्हा गादीवर, असा त्यांचा थाट होता.

एके सकाळी पालखीत बसल्या बसल्या त्यांनी पुढच्या भोयाला विचारले, "भिकोबा, तुम्हा भोयांचं पोट साफ होतं का रे?"

"व्हय सरकार, कोंबडा आरवला की लगेच," भिकोबा बोलून गेला.

रंगरावांनी पालखी तिथेच उतरवली आणि वैद्य चिमणाजीपंतांना बोलावून घेतले.

"शिळी भाकर खाणारे भोई मोकळे, आणि मी तुंबलेला? म्हणजे खरं औषध यांना देता आणि मला पाला. यांचं औषध आत्ता मला द्या, नाहीतर तुम्ही आणि हे भोई, सगळे जहागिरीबाहेर व्हा."

आपल्या एका बोलण्याने पंतांचे घर उठणार, असे भिकोबाला वाटले.

पंत शांतपणे म्हणाले, "सरकार, यांचं औषध मी देत नाही, आपण देता. आपल्याला खांद्यावर घेऊन हे रोज दोन कोस चालतात."

रंगरावांनी पालखीच्या दांडीकडे पाहिले. मग त्यांनी जोडे मागवले.

पाचव्या सकाळी टेकडी चढताना ते एकाएकी थांबले.

"भिकोबा, तांब्या आण. लवकर."

तांब्या घेऊन धावताना भिकोबाने मनोमन पंतांचे पाय धरले.