पाच अक्षरी सोयरीक

एका गावात एक भोळा सुतार होता. सुबराव त्याचं नाव. हात सोन्याचे, पण सांगितलेलं कानातून जसंच्या तसं आत जायचं. वाटेत त्याला अर्थ काही भेटायचा नाही.

सुबरावाचं मन मास्तरांच्या शेवंतावर बसलं होतं, आणि शेवंताचं सुबरावावर. मास्तर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. रोज सकाळी पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवल्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत. इतके चौकोन, ही ही अक्षरं, ओळखा शब्द. जावयालाही कोडं सुटलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. रविवारी तालुक्याचा एक कारकून शेवंताला बघायला येणार होता. त्याला म्हणे शंभर शब्द तोंडपाठ होते.

गुरुवारी सुबराव मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, शेवंताला मागणी घालाय आलोय."

"पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधून आण," मास्तर म्हणाले. "त्यात एस, टी पाहिजे. रविवारच्या आत आण, मग बघू."

सुबराव तडक स्टँडवर गेला. एसटी दुसरीकडे कुठं मिळणार? खिडकीपाशी जाऊन त्यानं विचारलं, "सायेब, पाचची हाय का?"

"पाचची गेली. आता सहाची."

तो धावत परत आला. "मास्तर, पाचची गेली. सहाची चालंल का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अरे, एस आणि टी ही अक्षरं आहेत! दुकानांच्या पाट्या बघ. शब्द तिथं टांगलेलेच असतात. आणि सहाचा चालणार नाही. पाच म्हणजे पाच."

"असं आधी सांगायचं न्हवं का," सुबराव म्हणाला.

शुक्रवारी तो बाजारात गेला. अक्षरं ओळखण्यापुरती शाळा त्याची झाली होती. रतनशेठच्या दुकानावर लाकडी पाटी होती. एस, टी, ओ, आर, ई, एस. एस होता, टी होता. मोजली तर सहा भरली. सहाचा चालणार नव्हता. सुबरावानं पिशवीतून करवत काढली.

संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर पाच अक्षरांची पाटी पोचली. तिच्यामागून सहावं अक्षर हातात घेऊन रतनशेठ पोचले. ते जे बोलले ते इंग्रजी नव्हतं, पण सगळ्या आळीला समजलं.

शब्द बरोबर होता, हेच मास्तरांना फार लागलं.

"चोरीचा शब्द चालत नाही!" ते ओरडले. "पाटी जोडून दे आधी. शब्द काय असा हातात धरून आणतात? डोक्यात ठेवून आणायचा असतो. आता शेवटची संधी. पाचच अक्षरं, पण एस, टी नको, त्यात बी पाहिजे."

"असं आधी सांगायचं न्हवं का," सुबराव म्हणाला.

शेवंतानं हे सगळं आतून ऐकलं. तिला रडू यायला लागलं. कारकुनाचा फोटो तिनं पाहिला होता, आणि तो माणूस फोटोतही तिच्यावर उपकार करत असल्यासारखा बसला होता. परसदारी येऊन ती सुबरावाला म्हणाली, "टेबल. नुसतं टेबल म्हणा. त्यात बी हाय, पाच अक्षरं हायेत. रोज बनवताय की!"

सुबराव घरी आला. बोटांवर मोजलं. टे, ब, ल. तीनच. शेवंताचा जीव आपल्यावर आहे, पण मोजणीत कच्ची आहे, असं त्याला वाटलं. शनिवारभर तो आपल्या सुतारकामाच्या दुकानाबाहेर आला नाही.

रविवारी सकाळी तो आला. डोक्यावर सागवानी टेबल, टेबलावर खुर्ची.

"ह्यो घ्या शब्द," तो धापा टाकत म्हणाला. "टेबलखुर्ची. मोजून पाच. आन् बी टोपीत हाय. भोपळ्याचं."

मास्तर बघत राहिले. मग पोट धरून हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तीस वर्षांत एकाही पोरानं त्यांचा अभ्यास इतका मनावर घेतला नव्हता. त्यांनी खुर्चीत बसून बघितलं. कुठं करकर नाही, कुठं डगमग नाही.

"कारकुनाला निरोप धाडा, येऊ नको म्हणावं," ते म्हणाले. "सुबराव, हा माझा शब्द. शेवंता तुझी!"

शेवंता दारामागं लाजली. सुबराव मात्र बोटांवर मोजत बसला. शे, वं, ता. त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, ह्यो शब्द तीनच भरतोय."

कुणाला काही कळेना. तेवढ्यात मास्तरांची विधवा बहीण चहा घेऊन बाहेर आली. तिला सगळं घर आत्या म्हणायचं. सुबरावाचा चेहरा खुलला.

"शेवंता तर द्याच, पर आत्या बी द्या. म्हंजे पाच हुतील, आन् त्यात बी बी आलं!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. लग्न मात्र झालं. रीतीप्रमाणे आत्या पाठराखीण म्हणून नवरीसोबत गेल्या. चार दिवस राहिल्या आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन निघाल्या. सुबराव दारात आडवा झाला.

"आत्या, पाया पडतो, जाऊ नगा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुम्ही गेलासा तर शब्द चुकंल, आन् मास्तर शेवंताला माघारी नेतील!"