बाकाकडे बघणे

एकदा एक थकलेला माणूस आपल्या वृद्ध गुरूकडे आला. आपण थकलो आहोत एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळे त्याने गुरूला सांगितले. थकलेल्या माणसांची ही जुनीच खोड आहे.

हा माणूस बर्फावरच्या हॉकीतला नामांकित खेळाडू होता. आपल्याकडे बर्फ म्हटला की गोळेवाल्याची गाडी आठवते; पण जगात असेही प्रदेश आहेत जिथे हिवाळ्यात तळी गोठून फरशीसारखी टणक होतात आणि मुले धड चालायला लागतात न लागतात तोच त्यांच्या पायांत पोलादी पात्यांचे बूट येतात. त्या बुटांवर वेगाने घसरत जायचे, हातातल्या काठीने रबराची काळी चकती पुढे न्यायची आणि समोरच्यांच्या जाळीत मारायची, असा तो खेळ. त्या खेळाची एक रीत मात्र ध्यानात ठेवावी, कारण ही गोष्ट तिच्यावरच उभी आहे. बर्फावरची धाव इतकी जीवघेणी असते की कितीही तयारीचा खेळाडू एका दमात मिनिटभराच्या वर टिकत नाही. म्हणून खेळ चालू असतानाच बदली होते. दमलेला खेळाडू कडेच्या लाकडी कुंपणापाशी येऊन बाहेर पडतो आणि बाकावर दम खाऊन बसलेला त्याचा सोबती कुंपणावरून आत उडी घेतो. तिथे शिट्टी वाजत नाही. आतल्याने बाकाकडे लक्ष ठेवायचे आणि बाकावरच्याने आतल्याकडे. आपल्या खो-खोत निदान पाठीवर थाप तरी बसते, तिथे तेवढेही नाही.

खेळाडू ज्या डोंगरातल्या गावी हे सारे शिकला त्याच गावात त्याचा गुरू अजून राहत होता. गावच्या गोठलेल्या तळ्यावर त्याच्याइतक्याच वेगाने धावणारी एक मुलगीही होती. पुढे तिच्याशीच त्याचे लग्न झाले. मग मोठ्या शहराने त्याला बोलावले. त्याने करंडक जिंकले, पुढचे तीन दात गमावले, लोकांनी त्याचे चित्र छापलेले सदरे अंगात घातले. त्या धंद्यात संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकतो आणि खेळाडूने दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलून नव्या शहरात हजर व्हायचे असते. हा पिशवी घेऊन पुढे जाई आणि बायको मागे राहून घर आवरी, मुलींच्या शाळा बदली आणि नव्या शहरात पुन्हा संसार मांडी. खेळाडूचे वडील त्यांच्याच घरी असत. म्हातारपणी त्यांची स्मृती गेली होती. भरवल्याशिवाय ते जेवत नसत आणि सुनेखेरीज कोणाला ओळखत नसत.

खेळाडू आला तेव्हा गुरू ओसरीवर बसून जुन्या बुटांच्या पात्यांना दगडावर धार लावत होता.

“गुरुजी, एका नव्या संघाचं बोलावणं आलंय,” खेळाडू म्हणाला. “शहर लांब आहे, पण अजून दोन हंगाम खेळता येईल. तुमचा आशीर्वाद घ्यावा आणि होकार कळवावा, म्हणून आलो.”

“गुडघा काय म्हणतो?”

“तो काय, पुरे म्हणतो. गुडघ्याचं ऐकत बसलो असतो तर पहिल्याच वर्षी घरी आलो असतो.”

“आणि घरी काय म्हणतात?”

खेळाडू हसला. “घरची काही चिंता नाही. पूर्वी फार भांडणं व्हायची. फोन केला की रडारड, घरी गेलो की अबोला. मी म्हणायचो, एवढा हंगाम होऊ दे, मग आहेच मी. आता दोन वर्षं झाली, ती एका शब्दानं बोलत नाही. परवा हे बोलावणं आल्याचं सांगितलं, तर म्हणाली, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ समजूतदार झालीय.”

पात्यावरचा म्हाताऱ्याचा हात थांबला.

“काय म्हणाली? पुन्हा सांग.”

“तुला योग्य वाटेल ते कर, म्हणाली.”

गुरूने दगड खाली ठेवला. मग म्हणाला, “जेवून घे. दुपारी गावातली माणसं तळ्यावर खेळायला जमतात. तूही ये. बूट आण, आणि होकार काही आज कळवू नकोस.”

दुपारी तळ्यावर पाववाला होता, पोस्टमास्तर होते, शाळेच्या बाई होत्या. एवढा मोठा खेळाडू आपल्यात खेळणार म्हणून सगळे हरखून गेले होते. गुरूने दोन संघ पाडले, प्रत्येकाला बदली नेमून दिला आणि शिष्याला म्हणाला, “तुझा बदली मी.” लोक हसले. म्हातारा खरोखरच बूट चढवून, नाड्या आवळून बाकावर जाऊन बसला.

खेळ सुरू झाला. मिनिट होत आले तसे सवयीप्रमाणे खेळाडूने बाकाकडे पाहिले. गुरू चहा पीत होता. पाववाला बाहेर गेला, त्याच्या जागी दुसरा आला. शाळेच्या बाई बाहेर गेल्या, त्यांच्या जागी तिसरी कोणी आली. खेळाडूने काठी उंचावून खूण केली. गुरूनेही हात उंचावला आणि ओरडून म्हणाला, “वा! काय खेळतोस! तुझ्यासारखं कोणाला जमणार नाही!”

खेळाडूला छातीत जाळ झाल्यासारखे वाटू लागले. गुडघा ठणकू लागला. तो ओरडला, “गुरुजी, बदली!”

“आलोच!” गुरू म्हणाला. “एवढा डाव होऊ दे, मग आहेच मी!” आणि त्याने आणखी चहा ओतून घेतला.

समोरच्या संघात दर थोड्या वेळाने ताजी माणसे येत होती आणि ती साधी गावकरी माणसे आता त्या नामांकित खेळाडूच्या अंगावरून निघून जात होती. तो पुन्हा ओरडला, मग चिडून काहीबाही बोलला, एकदा तर काठी बर्फावर आपटली. जागा सोडून बाहेर पडला असता तर आपली बाजू उघडी पडली असती, आणि ते त्याच्या रक्तात नव्हते. नंतर त्याचे ओरडणे थांबले. खाली मान घालून तो चकती अडवत राहिला, पडला की उठत राहिला. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा लोकांनी खेळ आवरता घेतला. खेळाडू कुंपणाला धरून कसाबसा बाहेर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

श्वास थाऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, “ही कसली थट्टा, गुरुजी? माणसाला असं आत सोडतात?”

“मला हाक किती वेळ मारत होतास?”

“सुरुवातीला मारली. मग सोडून दिलं.”

“का रे?”

“काय उपयोग? तुम्ही येणार नाही हे कळून चुकलं होतं. मग मी बाकाकडे बघणंच सोडलं. हा डाव आपला आपण कडेला न्यायचा, एवढंच डोक्यात राहिलं.”

“माझा राग आला?”

“आधी आला. फार आला. नंतर तुम्ही तिथे असलात काय आणि नसलात काय, मला काही वाटेनासं झालं.”

गुरूने मान डोलावली. “मी इथून बघत होतो. तुझं ओरडणं थांबलं, हातवारे थांबले. मी मनात म्हटलं, चला, पोरगा समजूतदार झाला.”

खेळाडूने झटकन वर पाहिले. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

गुरू त्याच्याजवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “बाळा, टाळ्या तुझ्या बाजूला वाजत होत्या, म्हणून तुला वाटलं की तू आत आहेस आणि ती बाकावर तुझी वाट बघतेय. तसं नव्हतं. तुझा बाप, तुझ्या मुली, दर शहरात नव्यानं उभं केलेलं घर, हा डाव तिच्या अंगावर होता आणि बाकावर तू होतास. बूट घालून, नाड्या आवळून, ‘आलोच’ म्हणत. ती भांडत होती तोवर बाकाकडे बघत होती. भांडण म्हणजे हाक असते रे. हाक थांबली, आणि तू समजलास की घरात शांतता झाली.”

खेळाडूने विचारले, “आता उशीर झाला का?”

“मला काय ठाऊक! ते तिला ठाऊक. पण नियम तुला येतो. आतला बाहेर आल्याशिवाय बाकावरच्यानं आत उडी घ्यायची नाही, नाहीतर शिक्षा होते. तेव्हा घरी जाऊन एकदम तलवार गाजवू नकोस. कुंपणाशी उभा राहा. तू खरंच आलायस हे तिला दिसू दे. तिनं जागा सोडली तर आत जा.”

खेळाडू घरी पोचला तेव्हा बायको त्याच्या वडिलांना सूप भरवत होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “जेवण झाकून ठेवलंय.”

“नव्या संघाला नाही म्हणून कळवलं,” तो म्हणाला. “आता खेळणार नाही.”

“बरं.” तिने म्हाताऱ्याची हनुवटी पुसली.

तिचा चेहरा उजळेल असे त्याला वाटले होते. हेही त्याला मागाहून कळले, की आपण दारातून टाळ्यांचीच वाट बघत होतो.

“बाबांना मी भरवतो.”

“तुझ्या हातून खाणार नाहीत. तुला ओळखत नाहीत.” मग चमचा थांबवून तिने सरळ सांगितले, “वसंतात मी मुलींना घेऊन बहिणीकडे जायचं ठरवलंय. बाबांनाही नेणार होते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. तो खुर्ची ओढून बाजूला बसला आणि ती कसे भरवते ते बघत राहिला.

पुढच्या दिवसांत त्याच्या हातून काही धड झाले नाही. वडिलांनी त्याच्या अंगावर सूप थुंकले. शाळेच्या वाटेवर तो चुकला आणि लेकीनेच बापाला रस्ता दाखवला. कपडे धुताना पांढऱ्यांत लाल मोजा गेला आणि घरभर गुलाबी चादरी झाल्या. बायकोने दोष दिला नाही, कौतुकही केले नाही. त्याची कामे ती पुन्हा पहिल्यापासून आपल्या हाताने करी, इतका तिचा त्याच्यावर अविश्वास होता. आणि का नसावा? थकवा रात्रभराच्या झोपेने जातो, पण वर्षानुवर्षांचा असला तर माणूस काम हातातून सोडायलाच विसरतो. खेळाडू कुंपणाशी उभा राहिला. कित्येकदा त्याला वाटे, बर्फावरचे ते सारे हंगाम याच्यापुढे सोपे होते.

वसंत आला, गुरूच्या गावच्या तळ्यावरचा बर्फ वितळला. ती गेली नाही. राहते, असेही म्हणाली नाही.

मग एका संध्याकाळी तो मागच्या अंगणात लाकडे आणायला गेला आणि शेजाऱ्याशी बोलत उभा राहिला. आतून आवाज आला. घरात असा आवाज फार दिवसांत कोणी ऐकला नव्हता.

“अरे, कुठे उलथलायस? सूप गार झालं! बाबा माझ्या हातून घेत नाहीयेत, दाराकडे बघत बसलेत! सगळं मीच करायचं का या घरात?”

खेळाडूच्या हातातली लाकडे खाली पडली. तो दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या चढून दारात आला. ती त्याच्याकडेच बघत होती, कपाळाला आठ्या, हातात चमचा. त्याला बघताच तिने चमचा त्याच्यापुढे धरला, खुर्ची सोडली आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिने भिंतीला डोके टेकले आणि डोळे मिटून घेतले.

आपल्या घरातले भांडण अलीकडे थांबले असेल, तर निश्चिंत होण्याआधी एकदा कुंपणाशी जाऊन उभे राहावे.