विमानाचं माप

राजा भद्रसेनाला स्वतःच्या सावलीचाही संशय यायचा. नदीकाठी बांधत असलेलं देवळाचं शिखर राजवाड्याच्या गच्चीहून वर गेलं, तसं त्याने मुख्य कारागीर बामोज याला कामावरून उठवून दरबारात आणवलं.

"तिथून माझं अंगण दिसतं. शेजारच्या राजाचा टेहळ्या वर बसवायचाय ना?"

"देवाचं घर आहे, महाराज," बामोज म्हणाला. असल्याच संशयापायी जुना सेनापती अजून कोठडीत होता.

"मग चार हात उतरवून टाक. नाही म्हणालास तर तू फितूर."

"उतरवतो. पण आमच्या शास्त्रात या शिखराला विमान म्हणतात. विमान म्हणजे मापून घडवलेलं. ते देवाचंच शरीर, म्हणून त्याचं माप गाभाऱ्यातल्या मूर्तीवरून घेतात. विमान कमी करायचं तर आधी मूर्ती त्या प्रमाणात छाटावी लागेल."

बामोजने कमरेची छिन्नी काढून राजापुढे ठेवली. "देवाच्या अंगावर घाव घालायचा धीर मला नाही. पहिला घाव महाराजांनी घालावा. डोक्याकडून की पायाकडून, तेही आपणच ठरवावं."

राजाने छिन्नीकडे पाहिलं, मग दरबाराकडे. सगळे आपल्या हाताकडेच बघताहेत असा त्याला संशय आला, आणि या वेळी तो खरा होता. त्याने हात शेल्याखाली घेतला आणि कळस कधी चढवणार, एवढंच विचारलं.