घड्याळाची रांगोळी

"आमच्या सूनबाईला चारसुद्धा लिहिता येत नाही!" मामंजी पाहुण्यांना हळूच म्हणाले, पण निवृत्त गणितशिक्षकाचं हळूही स्वयंपाकघरात ऐकू येतं. त्यांच्या एकसष्टीला मी दारात रोमन आकड्यांच्या घड्याळाची रांगोळी काढली होती.

चहा घेऊन गेले, तर तोंडावरच विचारलं, "चाराच्या जागी चार उभ्या रेघा? पाचाच्या डावीकडे एक रेघ काढायची, की झाला चार. माहेरी शिकवलं नाही वाटतं?"

सगळे हसले. माहेर निघालं तशी माझी मान खाली गेली. कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

मी म्हणाले, "नाही शिकवलं, मामंजी. म्हणून तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा हे तुमच्या मनगटावरचं घड्याळ बघून आकडे काढले. त्यात चार रेघाच आहेत. तुमचं चुकेल असं वाटलंच नाही."