पुठ्ठ्याचा कीबोर्ड

आमच्या आळीतल्या लोहारांची केतकी दहावीला. तिच्या वर्गात मुलं तीस आणि कॉम्प्युटर एकच. म्हणून आयटी शिकवणाऱ्या दळवीबाईंनी पुठ्ठ्यांवर कीबोर्ड काढून सगळ्यांचा हात बसवून घेतला होता.

प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेले परीक्षक ते पुठ्ठे बघून हसले. "ह्याच्यावर आयटी? सगळा वर्ग नापास होणार, बाई!" मग एका बोटाने शोधत शोधत त्यांनी कॉम्प्युटरवर आपला पासवर्ड टाकला आणि केतकीला दरडावलं, "सांग, पासवर्ड कसा जपायचा?"

पोरीची मान खाली गेली नाही.

"सर, आत्ता तुम्ही टाकलात तसा टाकायचा नाही. पुठ्ठ्यामुळे अक्षरांच्या जागा आम्हाला तोंडपाठ आहेत. तुमचं बोट बघूनच पासवर्ड कळला. लिहून दाखवू?"

साहेबांनी आधी पासवर्ड बदलला, मग तिला पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गही पास झाला. जाताना साहेबांनी बाईंकडून एक पुठ्ठा मागून नेला.