अळणी पिठलं

"बाबा, बारा वर्षांत मला जे साधलं नाही, ते त्या रंगनाथाला तीन आठवड्यांत कसं साधलं?"

अचलबाबा मठाच्या ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय साधलं त्याला?"

"वैराग्य."

विश्वंभर हा मठातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात शिकलेला शिष्य. ग्रंथ तोंडपाठ, आणि ते तोंडपाठ आहेत हे चारचौघांना सांगणंही तोंडपाठ. रंगनाथ आला कालपरवा, आणि पुढे निघून गेला. हा हेवा विश्वंभरला आतून पोखरत होता.

"तो कुणाशी बोलत नाही, बाबा. पहाटे तीनपासून टक्क जागा असतो. परवा पिठल्यात मीठ घालायला मी विसरलो. सगळ्या पंगतीने तोंडं वाकडी केली. त्याने चार घास गिळले आणि उठला. चकार शब्द नाही! जीभ जिंकली त्याने. आणि मी? मला अजून तीन भाकऱ्या लागतात."

बाबा देठ मोडत राहिले.

"काल तर कळसच झाला. ज्या एकतारीला तो कुणाला हात लावू देत नव्हता, ती त्याने गुरवाला देऊन टाकली. म्हणाला, आता मला लागायची नाही."

बाबांचा हात थांबला...

परात तशीच टाकून ते उठले. सत्तरी उलटलेला माणूस, अनवाणी, जवळजवळ धावतच ओवरीकडे निघाला. विश्वंभर मागोमाग. त्याला वाटलं, बाबा शाबासकी द्यायला चालले.

भर दुपारी रंगनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाबा त्याच्या उशाशी बसले. डोक्यावरून हात फिरवला.

"रंगा, जीव नकोसा झालाय का रे?"

विश्वंभर चरकला. असं अभद्र कुणी विचारतं का?

रंगनाथ भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलला.

"होय, बाबा."

"केव्हापासून?"

"आठवत नाही. सगळं मातीसारखं लागतं. अन्न, नाम... सगळंच."

बाबांनी त्याचा हात हातात घेतला, तो सोडलाच नाही.

"विश्वंभर, जीप बोलाव. तालुक्याला जायचंय. मनाच्या डॉक्टरांकडे. आत्ताच्या आत्ता."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? मठातला साधक? लोक काय म्हणतील, बाबा! नामात बळ नाही का?"

बाबांनी मोकळ्या हाताने झोळीतली पितळी डबी काढली.

विश्वंभर एक पाऊल पुढे सरकला. रोज सकाळी पूजा झाली की बाबा या डबीतून काहीतरी काढत आणि डोळे मिटून पाण्याबरोबर घेत. ती सिद्धांची गुटिका आहे, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. नव्या शिष्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं. दोनदा त्याने ती मागितली, दोन्ही वेळा बाबा म्हणाले होते, "ज्याला लागते त्यालाच ती."

डबी उघडली. आत दवाखान्यातल्या गोळ्यांची पट्टी होती. चार घरं रिकामी.

"सतरा वर्षं झाली," बाबा म्हणाले. "मीही जेवण सोडलं होतं. बोलणं सोडलं होतं. विहिरीच्या काठावर जाऊन बसायचो. आणि लोक, विश्वंभर... लोक माझ्या पाया पडत होते."

बारा वर्षांत हा माणूस विश्वंभरला एवढा मोठा कधीच दिसला नव्हता. तो पाया पडायला वाकला, आणि अर्ध्यातच थांबला.

मग जीप आणायला पळत सुटला.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर याला एकटं सोडू नका, म्हणाल्या.

विश्वंभरने आपलं अंथरूण ओवरीत नेलं. ग्रंथ तोंडपाठ असलेला माणूस आता गोळीची वेळ पाठ करू लागला. गुरवाकडून एकतारी परत आणून त्याने खुंटीला टांगली. पहिला महिना तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. मधे एक गोळी बदलावी लागली. विश्वंभर एकदा रडलाही, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

दोन महिने गेले.

त्या दिवशी पंगत बसली होती. वाढायला विश्वंभरच होता. रंगनाथने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट पुढे ढकललं.

"हे पिठलं कुणी केलं? मिठाचा खडा तरी टाकायचा!"

पंगत हसली. विश्वंभर हातातल्या पळीसकट ओट्याकडे धावला. पिठलं पायऱ्यांवर सांडत गेलं.

"बाबा! रंगनाथ म्हणतो... पिठलं अळणी झालंय!"



बाबांनी दोन्ही हात जोडले. डोळे मिटले...

"नैवेद्य पोचला."